ज्वराचे दिवस आणि घरची चूल
(मठाच्या वर्धापनोत्सवात वाळपई येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनोत्सवाच्या व्याख्यानमालेत उपनिषदांतील एखादे वचन, गुरुपरंपरेतील एखादे चरित्र असे विषय बहुधा योजिले जातात, आणि ते उचितच आहे. मजकडे मात्र संयोजकांनी साथीच्या काळात स्थानिक सेवासंस्थांनी संकटग्रस्त कुटुंबांस करावयाचे साह्य हा विषय सोपविला. वरवर पाहता तो एखाद्या सभेतील ठरावासारखा शुष्क वाटतो. परंतु तो वाळपईस बोलावयाचा आहे हे ध्यानी घेतले म्हणजे त्याची शुष्कता नाहीशी होते. पणजीत अथवा मडगावात साथ म्हटले की श्रोत्यांस २०२० व २०२१ ही करोनाची दोन वर्षे आठवतात. सत्तरीचे तसे नाही. करोनाच्या पाच वर्षे आधीच, २०१५ साली, ह्या तालुक्यातील पाली गावी एक ज्वर प्रकट झाला. पुढे म्हाऊस, झर्मे अशा गावांतून त्याने पाय पसरले, आणि त्याच सुमारास शेजारच्या दोडामार्ग तालुक्यातही तो दिसू लागला. लोक त्यास माकडताप म्हणतात. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः ह्या ज्वराला धरून. प्लेग, करोना व क्षय ह्यांचा उल्लेख ओघाने येईल.

ह्या ज्वराचे शास्त्रीय नाव क्यासनूर अरण्यज्वर. १९५७ साली शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाच्या रानात माकडे मरून पडू लागली व भोवतालच्या गावांत तापाची साथ उसळली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा ह्या रोगाचा विषाणू रानातील गोचिडींतून माकडांस व माणसांस होतो असे सिद्ध झाले. कित्येक दशके हा रोग कर्नाटकाच्या त्या कोपऱ्यात दबा धरून होता. तेथून सह्याद्रीच्या सलग रानाने तो उत्तरेस सरकत आला. ताप एकाएकी चढतो, डोके व अंग विलक्षण दुखते, काहींस रक्तस्राव होतो. काही रोग्यांत ताप उतरून गेल्यावर दोनतीन आठवड्यांनी तो पुन्हा उलटतो व मेंदूवर परिणाम करतो. शंभरांत तीन ते पाच रोगी दगावतात. रोगावर नेमके औषध नाही. लक्षणांवर उपचार करून रोग्यास तगवावे लागते. पूर्वी जी लस टोचीत असत तिचा गुण पुरेसा येत नाही असे दिसून आल्यावर तिचा वापर थांबला, आणि नव्या लशीचे काम हाती घेण्यात आले आहे.

एक गोष्ट मात्र आपण सर्वांनी पक्की ध्यानात ठेवावी. हा ज्वर माणसापासून माणसास होत नाही. रोग्याच्या उशाशी बसल्याने, त्याच्या घरी पेज नेऊन दिल्याने, त्याची भांडी घासल्याने तो जडत नाही. करोनात अंतर राखणे हा धर्म होता. येथे अंतर राखणे हा निव्वळ गैरसमज आहे.

आता ह्या ज्वराचे वेळापत्रक पाहा. तो मार्गशीर्षाच्या सुमारास सुरू होतो, उन्हाळ्यात भर धरतो आणि पाऊस लागला की ओसरतो. सत्तरीच्या कष्टकरी घराचे वेळापत्रकही नेमके असेच आहे. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत काजूचा हंगाम. काजूचे बोंडू झाडावरून तोडीत नाहीत. ते पिकून खाली पडावे लागते, आणि पडलेले बोंडू पातेऱ्यातून वाकून वाकून वेचावे लागते. त्याच पातेऱ्यात गोचिडींची पिल्ले असतात, तिळाएवढी, नजरेसही न पडणारी. बी विकली जाते, बोंडूचा रस भट्टीवर जातो. हुर्राकाचा विषय ह्या व्यासपीठावर काढल्याबद्दल वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. परंतु ज्या पैशावर मुलांच्या वह्या, घराची शाकारणी आणि चतुर्थीचा बाजार होतो तो पुष्कळ घरांत ह्याच दोनअडीच महिन्यांत हाती येतो, हे सत्य सोवळ्याआड झाकून काय उपयोग? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१७ साली गोव्यातील काजू वेचणाऱ्या कामकऱ्यांस ह्या ज्वराची बाधा कशी होते ह्यावर निबंधच प्रसिद्ध केला आहे. त्यांनी शास्त्राच्या भाषेत सांगितले तेच येथील कोणतीही माउली आपल्या भाषेत सांगेल: रानात गेले तर ताप, न गेले तर उपास.

साह्याचा सारा विचार येथून सुरू झाला पाहिजे. सरकारी भित्तिपत्रकावर 'रानात जाऊ नका' असे लिहिणे सोपे आहे. ज्याने मळा खंडाने घेतला आहे, वन विकास महामंडळाच्या बागेच्या लिलावात बोली लावून ज्याने उसनवारीचे पैसे भरले आहेत, त्याने रानात जायचे नाही म्हणजे काय करायचे? खंड तर भरून चुकला. बोंडू पडले की दोन दिवसांत सडते; ते कोणासाठी थांबत नाही. अशा घरात कर्ता पुरुष तापाने आडवा झाला की घरची बाई दोन ठिकाणी लागते, रोग्यापाशी आणि मळ्यात. रोगी बांबोळीस हलविला तर तिला त्याच्यामागे जावेच लागते, म्हणजे एका तापात दोन माणसांचा रोजगार बुडतो. ताप आठपंधरा दिवसांत गेला तरी अंगात त्राण येण्यास कित्येक आठवडे लागतात, तोवर हंगाम उलटून जातो. मग सावकाराकडे किंवा दुकानदाराच्या वहीकडे पावले वळतात, आणि ते ऋण पुढल्या हंगामापर्यंत, कधी त्याच्याही पुढे, मानेवर राहते. वैद्याच्या लेखी रोगी बरा झालेला असतो. घर बरे झालेले नसते.

शेजारधर्म आपल्याकडे मेलेला नाही. शेजारी आजारी पडला तर त्याचे शेत लावून देणे, त्याचे गवत कापून देणे हे खेड्यात आजही चालते. परंतु माकडतापात हा जुना उपाय उलटा फिरतो. ज्या मळ्यात एकास ताप लागला त्याच मळ्यात दुसऱ्यास वेचणीसाठी पाठविणे म्हणजे त्यालाही त्या गोचिडींच्या स्वाधीन करणे. म्हणून येथे नुसते हात पुरत नाहीत, रोकड लागते. आणि रोकड उभी करणे हे एकट्यादुकट्या शेजाऱ्याच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे तेथे संस्था लागते. देवस्थान असो, महिला मंडळ असो, स्वयंसहाय्य गट असो, की आपला मठ असो.

अशा संस्थांनी साथीत काय केले ह्याचा इतिहास आपल्याच मुलखात आहे, आणि तो जितका अभिमानाने तितकाच सावधपणाने वाचण्याजोगा आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ज्वर हा प्लेगच आहे असे निदान प्रथम केले ते डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस ह्यांनी. ते आपल्या बार्देशातील हडफडे गावचे. पुढे सरकारने जे उपाय योजिले ते इतके कठोर होते की लोक रोगापेक्षा रुग्णालयास अधिक भिऊ लागले. घरोघर झडत्या होत, रोग्यास आप्तांपासून तोडून नेत, आणि नेलेला माणूस परत येईल अशी कोणास आशा नसे. त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लोक रोगी लपवू लागले, रोग अधिकच पसरू लागला. अखेर सरकारला धोरण सैल करावे लागले व निरनिराळ्या ज्ञातींना आपापली रुग्णालये उघडण्याची मुभा मिळाली. तशी पुष्कळ रुग्णालये निघाली. आपल्या माणसांच्या देखरेखीखाली, आपल्या हातचे अन्न मिळते म्हटल्यावर लोक तेथे जाऊ लागले. पुण्यात लोकमान्य टिळकांनी १८९७ साली हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढले आणि विलगीकरणाच्या छावणीत मोफत भोजनाची व्यवस्था केली. केसरीतील टिळक सर्वांस ठाऊक आहेत. छावणीतल्या मुदपाकखान्याची काळजी वाहणारे टिळक फार थोड्यांस ठाऊक असतील. औषध देणारे पुष्कळ असले तरी छावणीत अडकलेल्या कुटुंबाला दोन वेळ जेवावयास कोण घालणार हा प्रश्न त्यांना पडला, ह्यातच त्यांची व्यवहारदृष्टी दिसते.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले ह्यांनी काय केले तेही सांगितले पाहिजे. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत ह्यांनी हडपसरच्या बाजूस, शहराबाहेर माळावर दवाखाना घातला होता. सावित्रीबाई स्वतः रोगी गोळा करून आणीत. मुंढव्याच्या अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी पाठीवर घालून त्या दवाखान्यात आणिले. त्या शुश्रूषेत त्यांनाच प्लेग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्यामागे सत्यशोधक समाजाची वीस वर्षांची तालीम होती. १८७६-७७ च्या दुष्काळात धनकवडीस त्या समाजाने उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालविले होते.

ही दोन उदाहरणे मी मुद्दाम शेजारी शेजारी ठेविली. ज्ञातीच्या रुग्णालयाने आपल्या माणसांचा विश्वास मिळविला, ही त्याची थोरवी. परंतु त्याचे दार आपल्यापुरते होते. ज्याला ज्ञातीची संस्था नव्हती, ज्याच्या वस्तीत वर्गणी देऊ शकेल असा कोणी नव्हता, तो माळावर पडून होता; त्याला पाठीवर घेणारी एक बाई निघाली. आज आपल्या मठापुढे हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा आहे. मठाच्या नोंदवहीत ज्या कुळांची नावे आहेत त्यांच्यापैकी किती जण फाल्गुनात पातेऱ्यात वाकून बोंडू वेचतात? फार थोडे. वेचतात ते गावडे, धनगर, मजुरीवर जगणारी इतर घरे. ह्या ज्वरात मठाने आपल्याच शिष्यवर्गाला साह्य करावयाचे ठरविले तर कोठीतले तांदूळ कोठीतच राहतील. सत्तरीत ज्वरापुरते तरी मठाचा शिष्य कोण हे नोंदवहीवरून नव्हे, तापलेल्या अंगावरून ठरवावे लागेल. काही वृद्ध भक्तांस हे बोलणे रुचणार नाही. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून मी ते बोलतो.

प्लेगनंतरची मोठी साथ १९१८ च्या इन्फ्लुएंझाची. हिंदुस्थानात त्या साथीने सव्वा कोटीच्या आसपास, कित्येकांच्या मते त्याहूनही पुष्कळ अधिक, माणसे नेली. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवशी ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता व धान्य कडाडले होते. नारायण मल्हार जोशी ह्यांनी १९११ साली स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे व इतर संस्थांचे स्वयंसेवक चाळीचाळींतून औषध व दूध घेऊन फिरले. ह्याच्या तीन आठवडे अगोदर, १४ सप्टेंबर १९१८ रोजी, मुंबईत सारस्वत मंडळींनी एक लहानशी सहकारी पतसंस्था काढली होती. घरातील लग्नकार्य, जुने कर्ज, औषधपाणी अशा अडचणीच्या प्रसंगी सभासदास थोडी रक्कम वेळेवर मिळावी, एवढाच तिचा हेतू. तीच पुढे सारस्वत बँक झाली. साथ आणि ही संस्था ह्यांचा कार्यकारणभाव मी जोडीत नाही. तसा पुरावा मजपाशी नाही. माझे लक्ष वेधते ते त्या हेतूच्या यादीकडे. आज बँकेच्या मोठमोठ्या शाखा पाहताना आपण विसरतो की तिचा जन्म एखाद्या कारकुनाच्या घरच्या औषधाच्या चिठ्ठीतूनही झाला आहे. गोव्यातून पोटासाठी मुंबईस गेलेल्या आपल्या पूर्वजांनी जे ओळखिले, की आजारात घर बुडते ते रोगाने कमी आणि व्याजाने अधिक, ते वाळपईच्या आजच्या मजुरालाही लागू आहे. गोव्यातही असे प्रयत्न झाले आहेत. मडगावचे होस्पिसियो पाद्री मिरांदा ह्यांनी गेल्याच्या मागल्या शतकात निराधार रोग्यांसाठी स्थापिले. पुढे ते सरकारी रुग्णालय झाले.

आता करोनाच्या दिवसांकडे वळतो. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी आली, ती भर काजूच्या हंगामात. पहिल्या काही दिवसांत राज्यात किराणा मिळणेही दुरापास्त झाले होते. जूनमध्ये मोर्ले गावाभोवती निर्बंधांचे कडे पडले. त्या काळात संस्थांनी व व्यक्तींनी पुष्कळ अन्नदान केले, त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु एक गोष्ट खटकत राही. पिशवीभर तांदूळ देताना चौघांनी मिळून ती पिशवी धरावयाची, घेणाऱ्याने छायाचित्रकाकडे पाहावयाचे, आणि संध्याकाळपर्यंत ते चित्र गावभर फिरावयाचे! ज्या बाईने आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही तिचा पसरलेला हात तिच्या सोयऱ्यांनी सासरी-माहेरी पाहिला. कित्येक घरे ह्याच भयाने मदतीस पुढे आली नाहीत.

आपल्या मठात शिधा कसा देतात ते आठवा. सुपात तांदूळ, डाळ, गूळ, भाजी, नारळ मांडतात, वर दक्षिणा ठेवतात, आणि मग नमस्कार कोण करतो? देणारा करतो. घेणाऱ्याने स्वीकारले ह्याबद्दल देणारा कृतज्ञ असतो. दानाची ही रीत आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ती केवळ पंक्तीच्या पाटावर राहू नये, तापाच्या घरी जावी. सूर्यास्तानंतर, गाजावाजा न करता, ओळखीच्या माणसाच्या हाती, मठाचे नावही न सांगता शिधा पोचला तर फारच उत्तम.

शिध्यात काय असावे ह्याचाही विचार हवा, कारण येथे भावना पुरत नाही. प्राधान्य गटाच्या शिधापत्रिकेवर आज दरमहा माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते. म्हणजे तांदूळ बहुतेक घरांत आहे. नाही ती डाळ, तेल, मूग, चवळी, शेंगदाणे, गूळ, आणि मुलांचे दूध. आपण आणखी तांदूळ वाटून वाहवा मिळवू, पण आजारातून उठणाऱ्याच्या अंगात त्यामुळे बळ येणार नाही. अंडी व सुकी मासळी मठाच्या कोठीतून देता येणार नाही हे मी जाणतो. म्हणून थोडी रोकड द्यावी आणि ज्याने त्याने आपल्या चुलीवर काय शिजवावे हे त्याचे त्याने ठरवावे. त्याची चौकशी आपण करू नये.

शिधा हे खरोखर औषध ठरू शकते, ह्याचे प्रमाण क्षयरोगात मिळाले आहे. मंगळुरूच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व त्यांचे सहकारी ह्यांनी झारखंडात २,८०० क्षयरोगी व त्यांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक माणसे ह्यांच्यावर एक मोठा प्रयोग केला. काही घरांत रोग्याबरोबरच घरच्या प्रत्येक माणसास दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. उरलेल्या घरांत केवळ रोग्यासच अन्न दिले. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत सर्वांना अन्न मिळाले तेथे घरच्या इतर माणसांस नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी, आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. ह्यात कोणतेही नवे औषध नव्हते. आपल्या कोठीत जे असते तेच होते. क्षयरोग्यास सरकार दरमहा पोषणासाठी रक्कम देते. २०१८ साली ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाली. त्याशिवाय २०२२ साली सुरू झालेल्या निक्षय मित्र योजनेत कोणतीही संस्था रोग्याच्या संमतीने त्याच्या आहाराचा भार उचलू शकते. संमतीने, हा शब्द महत्त्वाचा. क्षय झाला आहे हे मठात कळले म्हणजे गावात कळेल, आणि गावात कळले की मुलीचे लग्न अडेल, ह्या भीतीने माणसे औषधच सोडतात. जी संस्था गुप्तता पाळू शकत नाही तिने ह्या कामात पडूच नये.

माकडतापात घरच्या सर्वांस रोग होण्याचे भय नाही, हे मघाशी सांगितले. तेथे शिध्याचा हेतू निराळा. कर्त्याने अर्ध्या तापात उठून मळ्यात जाऊ नये, आणि त्याच्या बायकोने तेल न लावता, उघड्या पायांनी, घाईघाईने रानात शिरू नये, ह्यासाठी त्या घरास धीर मिळावा एवढाच. आणि येथे वेळेला फार किंमत आहे. साह्य ज्येष्ठात पोचले तर ते सांत्वन होते. फाल्गुनात पोचले तर ते रक्षण होते. आपल्या संस्थांची खोड अशी की साथ आल्यावर सभा भरते, सभेत समिती नेमली जाते, समितीचा अहवाल येतो तोवर पहिला पाऊस पडून गेलेला असतो.

म्हणून मठाच्या विश्वस्तांपुढे व ह्या भागातील भक्तमंडळींपुढे एक सूचना ठेवितो. दर वर्षी मार्गशीर्षात, काजूस मोहोर येण्यापूर्वीच, वाळपईस एक स्वतंत्र कोठी उघडावी व वैशाखअखेर बंद करावी. रानात माकड अथवा वानर मेलेले दिसले की ती सूचना समजावी. मारुतीचा अंश म्हणून त्यास हात लावून गंध-फूल वाहण्याची भाविक पद्धत काही गावांत आहे. ती तूर्त दुरून नमस्कारावर ठेवावी व वन खात्यास आणि येथील सामाजिक आरोग्य केंद्रास ताबडतोब कळवावे. ज्या गावाच्या सीमेत असे घडले तेथील वेचणी करणाऱ्या घरांस मठाने त्याच आठवड्यात गुडघ्यापर्यंतचे बूट व अंगास लावावयाचे डेपा तेल पोचवावे. तेल सरकारकडूनही मिळते. प्रश्न ते वस्तीपर्यंत जाण्याचा असतो. मळ्यातून परतल्यावर कढत पाण्याने स्नान, कपडे उकळत्या पाण्यात, पातेरा गोठ्यात वा घराजवळ साठवावयाचा नाही, ह्या गोष्टी सांगण्याचे काम आपल्या भगिनीवर्गाने उचलावे. पुरुषाने सांगितलेले ओसरीवर राहते, बाईने सांगितलेले चुलीपर्यंत जाते.

रोग्याची वार्ता कोठीपर्यंत कशी यावी? अंगणवाडी सेविका व आरोग्य केंद्रातील परिचारिका ह्यांना सारे ठाऊक असते. त्यांच्यावर आणखी कागद लादू नयेत. रोग्याच्या घरच्यांची हरकत नसेल तर एक निरोप पुरे. निरोप आल्यापासून दुसऱ्या दिवशी शिधा, आणि बांबोळीस जावे लागले तर जाण्यायेण्याचे भाडे व सोबतच्या माणसाच्या जेवणाचे पैसे, एवढे हातोहात द्यावे. त्यासाठी अर्ज, दाखला, शिफारस काही मागू नये. चारांत एखादा लबाड निघेल. निघू द्यावा, त्याच्यापायी तीन खऱ्यांस दारात तिष्ठत ठेवणे परवडणारे नाही.

खंडाचे कर्ज हा मात्र शिध्याने सुटणारा प्रश्न नाही. त्यासाठी निराळा निधी हवा, बिनव्याजी, आणि परतफेड पुढल्या हंगामाच्या बीच्या विक्रीवर. दोन हंगाम लागोपाठ ज्वर आला तर ऋण सोडून देण्याचा अधिकार निधीच्या चालकांस असावा. चालक कोण? मठाचे विश्वस्त दोन, आणि तीन ह्या गावांतले, त्यांपैकी निदान एक स्वतः बोंडू वेचणारी बाई. ह्या शेवटच्या अटीवर मी अडून बसणार आहे. कोणत्या घरी खरोखर चूल थंड आहे आणि कोठे नुसता कांगावा आहे हे पणजीहून येणाऱ्या विश्वस्तास कळत नाही. तिला धुरावरून कळते.

ह्या वर्षीच्या वर्धापनोत्सवाच्या महाप्रसादास जे धान्य जमले त्यातील उरलेले कोठीत आहे असे मला सांगण्यात आले. पुढल्या आठवड्यात विश्वस्त मंडळाची बैठक भरणार आहे, तिच्यापुढे ही सूचना लेखी स्वरूपात येईल. ज्यांना वाळपईच्या कोठीसाठी जागा, वाहन अथवा आठवड्यातील एक सकाळ देता येईल त्यांनी आपले नाव आजच ग्रंथभांडाराशेजारच्या टेबलावर नोंदवून जावे. वही तेथे ठेविली आहे.